घरगुती वातानुकूलन यंत्र वारंवार का थांबते?

(भैरवगढ, उज्जैन येथे मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उज्जैन नगरीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तोपर्यंत त्यांच्या राज्याचा कारभार येथूनच चालत असे. त्या काळी या भागात स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांत आजही मराठी बोलली जाते. म्हणूनच एका तांत्रिक विषयावर आपल्याशी आपल्या भाषेत चार शब्द बोलण्याचा योग येत आहे.

विषय घरातला आहे. एकेकाळी माळव्याच्या रात्री त्यांच्या गारव्याबद्दल प्रसिद्ध होत्या. आता सिमेंटच्या छपराची घरे दाटीने उभी राहिली आहेत आणि वैशाखात दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहते. पुष्कळ घरांतून बचत करून एखादे वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण ज्याला एसी म्हणतो ते, बसविण्यात येते. आणि मग एक तक्रार सर्वत्र ऐकू येते : यंत्र चालू होते, दोन-चार मिनिटांत बंद पडते, पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते. खोली गार होत नाही आणि विजेचे बिल मात्र वाढते. कारागीर येतो, 'गॅस संपला' असे सांगून गॅस भरतो, पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच कथा पुन्हा घडते.

या तक्रारीमागील कारणे समजून घेतली, तर बराच खर्च टळेल आणि काही प्रसंगी अपघातही टळेल. कारण यंत्राचे थांबणे दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे काम पूर्ण झाल्यामुळे घेतलेली विश्रांती. दुसरा म्हणजे संकट ओळखून यंत्रातील रक्षकाने त्याला थांबविणे. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

गारवा कोठून येतो?

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. मातीच्या माठातील पाणी गार का होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. माठातून पाझरणारे पाणी बाहेर वाफेच्या रूपाने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. येथून उत्तरेस थोड्याच अंतरावर, क्षिप्रेच्या पात्रात कालियादेह महाल उभा आहे. माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळात बांधलेल्या व १९२० साली माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करविलेल्या या वास्तूत नदीचे पाणी लहान-मोठ्या कुंडांतून आणि वळणावळणाच्या पाटांतून खेळविलेले होते. कोरड्या उन्हाळ्यात त्या पाण्यावरून येणारा वारा आसपासचा परिसर शीतल करीत असे. आजचा कूलर तेच तत्त्व वापरतो. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो.

वातानुकूलन यंत्रातही द्रवाचे बाष्पीभवनच होते. फरक इतकाच, की येथे पाण्याऐवजी एक विशेष शीतक द्रव्य असते आणि ते बंद नळ्यांतून सतत फिरत राहते. खोलीतील जाळीदार नळ्यांत ते द्रवाचा वायू होताना खोलीची उष्णता शोषून घेते. बाहेरच्या पेटीतील कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो, त्यामुळे तो अतिशय तापतो. मग बाहेरचा पंखा त्याच्यातील उष्णता मोकळ्या हवेत सोडतो, तो वायू पुन्हा द्रव होतो व आत परत येतो. थोडक्यात, हे यंत्र आतील उष्णता बाहेर नेऊन टाकणारा हमाल आहे. आत उष्णता उचलण्यास अडचण आली, बाहेर टाकण्यास जागा मिळाली नाही किंवा हमालाला पुरेसा आहार, म्हणजे योग्य दाबाची वीज मिळाली नाही, तर तो थांबणारच.

स्वाभाविक थांबणे

भैरवगढचे नाव बाटिकच्या छपाईमुळे दूरवर पोहोचले आहे. तेथील कारागिरास मेणाचा ताव सांभाळावा लागतो. मेण फार तापले तर ते कापडावर पसरते आणि रेघ बिघडते. ते निवले तर धाग्यात मुरत नाही आणि रंग आत शिरतो. म्हणून तो आच कधी वाढवितो, कधी कमी करतो. यंत्रातील थर्मोस्टॅट हेच काम करतो. आपण २४ अंश सेल्सिअस तपमान ठरविले, तर खोली तितकी गार होताच तो कॉम्प्रेसर थांबवितो आणि तपमान एक-दोन अंशांनी चढले, की पुन्हा सुरू करतो.

एकाच वेगाने चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात कॉम्प्रेसर दहा ते वीस मिनिटे चालला व त्यानंतर पाच-दहा मिनिटे थांबला, तर त्यात काळजीचे कारण नाही. मध्यरात्रीनंतर हवा निवली, की हे विश्रांतीचे अंतर वाढते. भर दुपारी ४३-४४ अंश तपमानात तो तासभर न थांबता चालला, तरी तेही स्वाभाविकच आहे. किंबहुना असे थांबणे म्हणजेच विजेची बचत होय. म्हणून शासनाने १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देणे बंधनकारक केले. तपमान एक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. १६ अंशांवर काटा ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज चुकीचा आहे. या यंत्राचा वेग त्याने वाढत नाही, फक्त त्याची विश्रांती हिरावली जाते.

आजकाल बहुसंख्य घरांत इन्व्हर्टर पद्धतीची यंत्रे येतात. त्यांचा कॉम्प्रेसर शक्यतो थांबत नाही. खोली गार होताच तो आपला वेग कमी करून मंद गतीने चालत राहतो. अशा यंत्राचा कॉम्प्रेसर उन्हाच्या वेळी वारंवार पूर्णपणे बंद पडत असेल, तर त्याकडे अवश्य लक्ष दिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. काही यंत्रांत बचतीची कळ दाबलेली असल्यास कॉम्प्रेसरबरोबर आतील पंखाही थांबतो आणि यंत्रच बंद पडले असे वाटते. काहींच्या रिमोटमध्ये तपमान मोजणारा संवेदक असतो. तो रिमोट थंड हवेच्या झोतात ठेवला, तर खोली गार झाली अशी यंत्राची फसगत होते. तेव्हा कारागिरास बोलाविण्यापूर्वी रिमोटवरील खुणा एकदा पाहाव्यात.

रक्षकाने थांबविणे

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. यंत्र दोन-तीन मिनिटांत थांबते, खोली मात्र उकडतच राहते. असे असेल तर पुढील पाच कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले कारण धूळ. आतील पेटीतील गाळणी धुळीने व तंतूंनी भरली, की खोलीची हवा नळ्यांपर्यंत पोहोचत नाही. नळ्यांना उष्णता मिळाली नाही, की त्या शून्य अंशाखाली जातात, हवेतील बाष्प त्यांवर गोठते आणि बर्फाचा थर साचतो. मग संवेदक कॉम्प्रेसर थांबवितो. थोड्या वेळाने बर्फ वितळून पाणी भिंतीवर ओघळते आणि आपण छपराला दोष देतो. जेथे कापडाचे काम चालते अथवा रस्त्याची धूळ घरात येते, तेथे उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी गाळणी साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून बसवावी. यास खर्च काही नाही.

दुसरे कारण बाहेरच्या पेटीची कोंडी. जागा दिसू नये म्हणून ही पेटी कित्येकदा लाकडी चौकटीत, गच्चीच्या कोपऱ्यात किंवा पत्र्याच्या आडोशाला बसवितात. तेथे तिने बाहेर टाकलेली ऊन हवा तीच पुन्हा आत ओढते. काही ठिकाणी दोन घरांच्या पेट्या समोरासमोर असतात आणि एकीची उष्णता दुसरीच्या तोंडावर येते. त्यामुळे नळ्यांतील दाब व उष्णता वाढते आणि रक्षक यंत्र तोडतो. दुपारी बंद पडणारे यंत्र पहाटे सुरळीत चालत असेल, तर संशय येथेच घ्यावा. पेटीच्या समोर व पाठीमागे मोकळी जागा असावी. वर सावली असावी, पण हवा अडू नये. मागील जाळीवरील धूळ वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

तिसरे कारण विजेचा कमी दाब. आपल्या घरात २३० व्होल्ट दाब अपेक्षित असतो. संध्याकाळी गावातील पंखे, कूलर व वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू झाली, की रोहित्रावरील भार वाढतो आणि लांबच्या घरांत दाब उतरतो. मोटर सुरू होताना तिला मिळणारा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर जोर सुमारे ६० टक्केच उरतो. दीड टनाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रास चालताना सात-आठ अँपिअर प्रवाह लागतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट लागतो. जोर अपुरा पडला, की मोटर गुरगुरते, फिरत नाही आणि भराभर तापते. मग तिच्यावर बसविलेला ओव्हरलोड रक्षक, म्हणजे उष्णतेने वाकणारी दोन धातूंची पट्टी, 'टक्' असा आवाज करून प्रवाह तोडतो. पट्टी निवली, की पुन्हा जोडतो आणि पुन्हा तोडतो. हाच प्रकार खराब कपॅसिटरमुळे, सैल जोडणीमुळे किंवा जुन्या बारीक तारांमुळेही घडतो. यंत्र सुरू होताना घरातील दिवे मंदावत असतील, तर यंत्राआधी घरातील तारा व जोडण्या तपासून घ्याव्यात. योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर उपयोगी पडतो, परंतु दाब त्याच्याही मर्यादेबाहेर गेल्यास तोच यंत्र तोडतो, हे ध्यानात असावे.

चौथे कारण शीतकाची गळती. येथे एक गोष्ट मनावर ठसली पाहिजे : हा वायू खर्च होणारा नाही. तो शिवण यंत्राच्या तेलासारखा किंवा स्वयंपाकाच्या गॅससारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी छिद्र आहे, एवढाच त्याचा अर्थ. वायू कमी झाला, की आतील नळीवर एकाच भागात दव किंवा बर्फ दिसतो, सांध्याजवळ तेलकट डाग आढळतो आणि कॉम्प्रेसरला गार ठेवणारा वायूच न मिळाल्याने तो तापून थांबतो. अशा वेळी छिद्र शोधून ते बुजविल्याखेरीज वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. कारागिरास एकच प्रश्न विचारावा : "गळती कोठे आहे, ते दाखवाल का?" शिवाय बाहेर गेलेला वायू वातावरणाला हानिकारक असतो. सध्या प्रचलित असलेला आर-३२ हा वायू वातावरण तापविण्याच्या बाबतीत, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सहाशेहून अधिक पट प्रभावी आहे.

पाचवे कारण प्रमाणाबाहेर मोठे यंत्र. 'टन' हा शब्द यंत्राच्या वजनाचा नाही. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच अवधीत खेचून नेण्याची शक्ती म्हणजे एक टन. ही शक्ती सुमारे साडेतीन किलोवॉट होते. लहान खोलीत दोन टनांचे यंत्र लावले, तर ते काही मिनिटांत हवा गार करून थांबते. परंतु हवेतील ओलावा काढण्यास तेवढा अवधी पुरत नाही. त्यामुळे अंग गार पण चिकट राहते, आणि यंत्र दिवसभर उघडझाप करीत बसते. इन्व्हर्टर यंत्रसुद्धा आपल्या किमान वेगापेक्षा कमी काम असल्यास असेच थांबते.

ओलावा काढणे हे या यंत्राचे जन्मापासूनचे काम आहे. अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी अशा यंत्रणेचा आराखडा केला. तेथे दमट हवेने कागद प्रसरण पावे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. छपाईच्या या गावास ती अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र विकत घेताना 'मोठे ते चांगले' असे न मानता खोलीचे क्षेत्रफळ, छपराचे ऊन, खिडक्यांची दिशा व माणसांची संख्या सांगून मग क्षमता ठरवावी.

वारंवार थांबण्याने काय बिघडते?

कोणी म्हणेल, थांबते तर थांबू द्या. पण प्रत्येक वेळी सुरू होताना मोटरच्या वेटोळ्यांतून मोठा प्रवाह जातो, ती तापतात आणि त्यांचे आवरण झिजते. यंत्रातील सर्वांत महाग भाग कॉम्प्रेसर हाच असतो आणि तो अशा धक्क्यांनी अकाली निकामी होतो. यंत्र थांबल्यावर नळ्यांतील दाब समान होण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात हाताने पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. वीज गेली आणि लगेच आली, तरी हाच नियम पाळावा.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीत हेच तत्त्व काम करते. तेथे तपमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहावे लागते. घरातील यंत्र बिघडले तर एका रात्रीची झोपमोड होते, पण तेथील यंत्र बिघडले तर बालकांच्या लसी वाया जातात. म्हणून ज्या कर्मचारी बंधुभगिनींकडे अशी यंत्रे सोपविलेली आहेत, त्यांनी तपमानाची नोंद हा केवळ कागदोपत्री सोपस्कार समजू नये.

घड्याळ आणि वही

आता प्रत्यक्ष काय करावे? एका संध्याकाळी वही व घड्याळ घेऊन तासभर यंत्राजवळ बसावे. कॉम्प्रेसर केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, खोली तेव्हा गार होती की नाही, दिवे मंदावले का, नळीवर बर्फ दिसला का, यंत्रावरील दिवा विशिष्ट पद्धतीने लुकलुकला का किंवा पडद्यावर एखादे चिन्ह आले का, एवढे लिहून ठेवावे. असे चिन्ह पुष्कळदा यंत्रानेच सांगितलेले बिघाडाचे नाव असते. हीच नोंद दुपारी एकदा व पहाटे एकदा घेतली, तर कारण बहुधा आपोआप स्पष्ट होते. दुपारीच थांबते, तर बाहेरची पेटी. संध्याकाळीच थांबते, तर विजेचा दाब. केव्हाही थांबते व बर्फ दिसतो, तर गाळणी किंवा गळती. खोली लगेच गार होऊन थांबते, तर क्षमता अथवा संवेदक.

शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे, की ही नोंद त्यांनी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून घरी करून घ्यावी आणि वर्गात तिचा आलेख काढावा. ज्या घरी असे यंत्र नाही, तेथे शीतकपाटाच्या मोटरचा आवाज ऐकूनही हे करता येते. बाष्पीभवन, दाब, विद्युत प्रवाह आणि उष्णतेचे प्रसरण हे चार धडे एका वहीत एकत्र येतील, आणि मुलाच्या वहीमुळे घरातील वडीलधाऱ्यांचाही फायदा होईल.

मात्र मर्यादा ओळखावी. गाळणी धुणे, आडोसा दूर करणे, रिमोट पाहणे, नोंद ठेवणे एवढे आपले काम. पेटी उघडणे आपले काम नाही. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका विद्युत भार राहू शकतो. आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे आणि काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर प्रत्यक्ष प्रोपेन होय. नळीवर ज्योत लावण्यापूर्वी आत कोणता वायू आहे, हे कारागिरास माहीत असलेच पाहिजे. पेटीवरील पट्टीवर तो लिहिलेला असतो. प्रशिक्षित माणसाचे चार पैसे अधिक गेले, तरी ते वाया जात नाहीत. आणि जो तरुण दुसऱ्या मजल्याच्या सज्जावरून ओणवा होऊन आपले यंत्र दुरुस्त करतो, त्याच्या कमरेला दोर असावा, हे पाहणे घरमालकाचेही कर्तव्य आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. यंत्र वारंवार थांबते म्हणून त्रासलेल्या ग्राहकाला खूश करण्यासाठी काही वेळा ओव्हरलोड रक्षक किंवा दाबाचा खटका काढून टाकून तारा सरळ जोडल्या जातात. यंत्र मग थांबत नाही, आणि दुरुस्ती झाली असे वाटते. प्रत्यक्षात तेथे चोर आल्याचे ओरडून सांगणाऱ्या राखणदाराचेच तोंड बांधलेले असते. पुढे मोटर जळते, तार वितळते, आणि रात्री सारे घर झोपेत असताना आग लागण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कोणी "सरळ जोडून देतो" असे म्हटले, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. रक्षक खरोखर खराब असेल, तर त्याच मापाचा नवा बसवून घ्यावा.

येत्या उन्हाळ्यात आपल्या घरचे यंत्र थांबले, तर प्रथम घड्याळ पाहावे, मग गाळणी पाहावी, मग बाहेरची पेटी आणि विजेचा दाब पाहावा, आणि गॅसचा विचार सर्वांत शेवटी करावा. इतके जरी प्रत्येक घराने केले, तरी पुष्कळ पैसा वाचेल, रोहित्रावरील भार हलका होईल आणि दुर्घटना टळतील.